माझ्या नावावरचं दुखणं

ढोमणे बाबूंबरोबर गोल बाजारात जायचं म्हणजे शिक्षा होती. आमच्या सरकारी क्वार्टर्सपासून बाजार सरळ रस्त्याने पंधरा मिनिटांवर. पण बाबू सरळ रस्त्याने कधी गेले नाहीत. आधी पेट्रोल पंपावरून वळायचं, मग बसस्टँडमागची गल्ली, मग एका धर्मशाळेत मागच्या दाराने शिरून पुढच्या दाराने बाहेर पडायचं. का म्हणून विचारलं तर, "इकडून सावली आहे नं." डिसेंबरातसुद्धा सावलीच. शिवाय वाटेत बरोबरच्या माणसाला पिशव्या धरून उभं करायचं आणि "आलोच, एका माणसाले भेटून येतो" म्हणून गायब व्हायचं. एका फेरीत ते चार-चार माणसांना भेटत. मला कित्येक महिने वाटत होतं, या माणसाच्या रायपुरात ओळखी फार. त्या सगळ्या ओळखी मुताऱ्यांशी होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

वामनराव ढोमणे मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरी भोपाळला. छत्तीसगढचं नवं राज्य झालं तेव्हा कर्मचाऱ्यांच्या वाटणीत त्यांचं नाव इकडे आलं, माझंही आलं. नव्या राजधानीला तेव्हा धड बसायला जागा नव्हती. आमची शाखा एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटली होती. पूर्वी तिथे वॉर्ड असावा, कारण भिंतींना कमरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स होत्या आणि पावसाळ्यात फिनेलचा वास यायचा. बाबू आमच्या स्थापना शाखेचे बडे बाबू. मी त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान, ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर आणि कॉलनीत त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये. म्हणजे दिवसाचे चोवीस तास सुटका नाही.

सफारी सूट, काळेभोर रंगवलेले केस, खिशात दोन पेनं, त्यातलं एक लाल. रजेचे अर्ज त्यांच्या टेबलावरून जायचे आणि लाल पेन लागल्याशिवाय एकही अर्ज पुढे सरकायचा नाही. तारीख तिरपी आहे, सही शिक्क्याखाली गेली आहे, डॉक्टरांनी आजार लिहिला पण बाजू लिहिली नाही. "कोणता गुडघा? डावा का उजवा?" असं त्यांनी एका बाईंना शेरा मारून विचारलं होतं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कागदावर नाही, म्हणजे झालंच नाही." हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत. दहाव्यांदा ऐकताना पेपरवेट उचलावासा वाटे.

आमच्या शाखेत साहू बाबू म्हणून एक होते. छत्तीसगढी माणूस, पन्नाशी उलटलेला, अबोल. ते महिनाभर रजेवर गेले आणि आल्यावर त्यांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून अर्ज दिला. प्रमाणपत्रात नुसतं 'शल्यक्रिया' असं होतं. बाबूंनी लाल पेनने लिहिलं, "रोग का स्वरूप स्पष्ट करें." बिचाऱ्या साहूंनी स्पष्ट केलं. पेशाबाच्या जागेची गाठ वाढली होती, प्रोस्टेट, ती काढली. बाबूंनी तो खुलासा चहाच्या वेळी सगळ्या शाखेसमोर मोठ्याने वाचला. त्यात दुष्टपणा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. कागद आला की मोठ्याने वाचायचा ही त्यांची खोड होती. पण त्या दिवसापासून साहू खुर्चीतून उठले की कुणीतरी तोंडाने नळ सोडल्याचा आवाज काढायचं, आणि सगळे हसायचे. मीही हसायचो.

घरी त्यांचा दरबार वेगळा. सुमनकाकू त्या वेळी त्रेपन्न-चौपन्नच्या. त्यांना अंगातून वाफा निघत. भर जानेवारीत त्या पंखा लावून बसत, आणि बाबू येऊन खटकन बंद करत. मग कुंपणावरून मला ऐकू येईल अशा बेताने म्हणत, "काळबांडे, तुह्या काकूले वेड लागलं. लोक शेकोटी करून राहिले, हिले पंखा पाहिजे." काकू आतून ओरडत, "तुमाले झालं असतं ना, मग समजलं असतं!" हा तमाशा वर्षानुवर्षं चालला. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

एका रविवारी सकाळी आमचा फोन वाजला. बायकोने, मंगलाने, उचलला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. फोन एका लॅबचा होता. "विजय काळबांडे जी का पीएसए बहुत बढ़ा हुआ आया है. किसी अच्छे डॉक्टर को जल्दी दिखा दीजिए." विजय काळबांडे म्हणजे मी. मी कुठल्याही लॅबमध्ये गेलो नव्हतो. पीएसए म्हणजे काय हेही मला माहीत नव्हतं. मी लॅबवाल्याशी भांडायला निघालो. लॅबवाल्याने ही प्रोस्टेटची रक्ततपासणी म्हणून सांगितलं आणि शांतपणे पावती पुढे केली. नाव माझं, फोन माझा, पत्ता माझा. वय मात्र अठ्ठावन्न. आणि खाली सही. ती सही मी रोज दोनशे कागदांवर पाहत होतो.

बाबू अंगणात पेपर वाचत होते. मी रिपोर्ट त्यांच्या मांडीवर टाकला. मला वाटलं, निदान ओशाळतील.

"हे काय आहे काका?"

"हळू बोल. तुही काकू आत आहे."

"माझं नाव काहून लिहिलं तुम्ही?"

"मग काय लिवू? रामलाल, श्यामलाल? तो बोगस कागद झाला असता. अस्तित्वात नसलेल्या माणसाच्या नावावर मी कागद काढीन का? तू तर खरा आहेस. नाव खरं, पत्ता खरा, फोन खरा. त्यात खोटं काय आहे?"

या माणसाला खरोखर वाटत होतं की त्याने काम नियमात बसवून केलं आहे. स्वतःचं नाव का घातलं नाही, हे विचारायची गरज नव्हती. लॅबवाल्याचा मेव्हणा आमच्याच कार्यालयात होता. आणि ऑफिसात नळाचा आवाज कोण काढतं, हे बाबूंना चांगलं ठाऊक होतं. वर्षभरापासून त्यांना त्रास होता. धार बारीक झालेली, थांबून थांबून येणारी. जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटायचं. हे सगळं त्यांनी मला तिथेच, पेपराच्या आडून सांगितलं. मग माझा हात धरला. "काकूले सांगू नको. कोणालेच सांगू नको. मी पाहतो." आणि मी, मूर्ख माणसाने, कबूल केलं.

पण मंगलाला काय सांगणार? मी म्हटलं, लॅबवाल्याची चूक आहे, पुन्हा तपासू. तिचा विश्वास बसला नाही. तिने तासाभरात सुमनकाकूंना गाठलं. दुसऱ्या दिवसापासून काकू रोज सकाळी आमच्याकडे जवाचं पाणी घेऊन येऊ लागल्या. तांब्याभर. लघवीच्या त्रासावर त्यांच्या माहेरचा उपाय. "पी बापा, लाजू नको," म्हणून समोर उभ्या राहायच्या. मी ते बेचव पाणी घटाघटा प्यायचो, आणि ज्याच्यासाठी ते उकळायला हवं होतं तो माणूस कुंपणापलीकडे दात घासत माझ्याकडे बघायचा. एकदा तर म्हणाला, "संपव पूर्ण. तिनं मेहनतीनं केलं आहे." मी तांब्या फेकून मारला नाही, याचं श्रेय माझ्या आईच्या संस्कारांना आहे.

पंधरा दिवस मागे लागलो तेव्हा बाबू डॉक्टरकडे यायला तयार झाले. अट एकच. रिपोर्ट माझ्या नावाचा, म्हणून पेशंटच्या खुर्चीत मी बसायचं. "मी बाजूले बसतो. तुले काय होऊन राहिलं, ते मी सांगतो." मी हो म्हटलं, कारण आत एकदा शिरले की डॉक्टर बघून घेतील, असा माझा हिशेब.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला विचारलं, "रात में कितनी बार उठना पड़ता है?"

मी बाबूंकडे पाहिलं. बाबू म्हणाले, "चार बार. कभी पाँच."

"आपको कैसे मालूम?"

"पड़ोसी हैं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "और धार?"

"पतली," बाबू म्हणाले. "रुक-रुक के. शुरू होने में टाइम लेती है."

"हूँ. रिपोर्ट से अकेले कुछ पक्का नहीं होता. उमर के साथ ये ग्रंथि वैसे भी बढ़ती है. इन्फेक्शन से भी पीएसए बढ़ता है. उँगली से जाँच करके देखना पड़ेगा." एवढं बोलून त्यांनी हातमोजा चढवला आणि मला म्हणाले, "पैंट ढीली करके करवट पे लेट जाइए."

इथे माझी शेजारधर्माची हद्द संपली. मी उभा राहिलो. "डॉक्टर साहब, पर्ची पे उमर पढ़िए."

त्यांनी अठ्ठावन्न वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाबूंच्या रंगवलेल्या केसांकडे. सगळं त्यांच्या लक्षात आलं. हसले नाहीत. फार मऊ आवाजात म्हणाले, "बाबूजी, इसमें शरम की कोई बात नहीं. दो मिनट का काम है. आइए." बाबू उठले. मला वाटलं, जमलं. त्यांनी टेबलावरची कागदपत्रं गोळा केली, पिशवीत घातली आणि म्हणाले, "कागज में त्रुटि है. सुधरवा के लाते हैं." आणि निघून गेले.

भर रस्त्यात मी त्यांना वाट्टेल ते बोललो. ते पिशवी छातीशी धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "विचार करतो." आमच्या ऑफिसात एखादी गोष्ट करायची नसली की फाईलवर 'विचाराधीन' असं लिहीत. त्यांनी स्वतःच्या जिवावरही तेच लिहिलं. पुढचे सात महिने मी रोज विचारायचो आणि रोज उत्तर मिळायचं, "पुढच्या आठवड्यात जाऊन राहिलो." काकूंचं जवाचं पाणी चालूच होतं. एक वाक्य बोललो असतो तर काकूंनी त्यांना कान धरून त्याच दिवशी नेलं असतं. मी शब्द दिला होता, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मला ते भांडण अंगावर घ्यायचं नव्हतं. ही माझी चूक आहे आणि ती मी कुणाच्याही नावावर टाकू शकत नाही.

पंधरा ऑगस्टला ऑफिसात ध्वजवंदनाचा कार्यक्रम होता. पाहुण्यांची व्यवस्था बाबूंकडे. सकाळपासून ते उभे. अकराच्या सुमाराला मी पाहिलं, ते टाइल्सच्या भिंतीला टेकले होते आणि घामाने सफारी भिजली होती. पोट धरून म्हणाले, "काळबांडे, होऊनच नाही राहिलं. सकाळपासून एक थेंब नाही." आम्ही ऑफिसच्या जीपमधून त्यांना इस्पितळात नेलं. खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं. बाबू दुखण्याने वाकले होते, तरी मान वर करून म्हणाले, "वामन पांडुरंग ढोमणे. लिखो." मग नळी घातली आणि त्यांचा चेहरा सैल झाला. त्यानंतरच्या तपासण्यांत कळलं की गाठ साधी नव्हती, कॅन्सर होता, आणि तो हाडांपर्यंत गेला होता. तेच तरुण डॉक्टर. एवढंच म्हणाले, "पहले आते तो शायद बात अलग होती."

काकू त्या संध्याकाळी आमच्याकडे आल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "तू पेत होता ना रोज? माह्यासमोर उभा राहून पेत होता. तुले एक शब्द बोलता नाही आला?" मंगला माझ्याकडे पाहत होती.

उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी समजावलं की पुरुषाच्या शरीरात जो हार्मोन असतो, त्याच्यावर हा आजार पोसतो. म्हणून दर तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन तो हार्मोनच बंद करायचा. बाबूंना हे ऑफिसच्या भाषेत लगेच कळलं. "पुरवठा तोडला म्हणजे," ते म्हणाले. दुखणं खरंच कमी झालं. पण महिन्या-दीड महिन्यात त्यांना वाफा सुरू झाल्या. बसल्या जागी मान, छाती लाल व्हायची, घामाने बनियन ओलं. पुढच्या मिनिटाला हुडहुडी. दाढी पंधरा दिवसांत वाढेना. टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीत आई मुलाला पुसायला लागली की यांच्या डोळ्यांत पाणी. रडू आलं म्हणून चिडायचे, आणि चिडले म्हणून पुन्हा रडायचे.

या विषयात घरात एकच जाणकार होतं. काकूंनी त्यांना सुती बनियनं आणली, दुपारचा चहा बंद केला, उशाशी ओला पंचा ठेवला. जानेवारी होता. मी भेटायला गेलो तर दोघं पंख्याखाली बसलेले, पंखा पाचवर, आणि काकूंनी स्वतः शाल पांघरलेली.

"तुले असंच होत होतं का?" बाबूंनी त्यांना विचारलं.

"हो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"रोज सांगत होती. तुम्ही पंखा बंद करत होते."

बाबूंनी काकूंच्या पायांवरची शाल नीट केली. मी चहा न घेताच निघालो.

रजा वाढवायची होती तेव्हा ते स्वतः ऑफिसात आले. त्यांच्या टेबलावर आता साहू बाबू बसत होते. बाबूंनी अर्ज पुढे ठेवला. त्यात रोगाचं स्वरूप इतकं स्पष्ट केलं होतं की पान भरलं होतं. गाठ, हाडं, नळी, इंजेक्शन, वाफा, सगळं. ते उभ्याने म्हणाले, "साहू, जोर से पढ़ दो. सबको सुना दो." शाखेत सगळे खाली बघू लागले. साहूंनी कागद वाचला, मनातल्या मनात, अगदी सावकाश. मग घडी घालून बंद पाकिटात ठेवला, वर 'गोपनीय' लिहिलं आणि म्हणाले, "हव बाबूजी, हो जाही. आप बइठव." आणि स्वतःची खुर्ची त्यांना दिली.

इथे हा माणूस सुधारला असं लिहून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ढोमणे बाबूंना कुठलीही गोष्ट बेताने करता येत नसे. आधी लपवण्याचा कहर होता, आता सांगण्याचा सुरू झाला. सकाळी फिरायला निघालेल्या प्रत्येक पन्नाशीच्या माणसाला ते फाटकाशी अडवायचे. "रात को कितनी बार उठते हो? धार कैसी है?" गोल बाजारातल्या भांडेवाल्याला त्यांनी गिऱ्हाइकांसमोर हे विचारलं. मराठी मंडळाच्या जेवणावळीत पंगत बसलेली असताना प्रमुख पाहुण्यांना विचारलं. "गाठ वाढणं वेगळं आणि कॅन्सर वेगळा," ते वाढप्याच्या हातातली वरणाची बादली थांबवून समजावत. "साहूले साधी वाढ होती, तो आज ठणठणीत आहे. मले दुसरं होतं. पण कोणाले काय आहे, ते तपासल्याबिगर डॉक्टरच्या बापाले समजत नाही." लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले. त्यातले दोघे मात्र गुपचूप तपासून आले आणि एकाचं फार लवकर सापडलं, हेही इथे लिहायला हवं.

मी पन्नास पूर्ण केली त्या दिवशी सकाळी सातला ते आमच्या दारात हजर. "काळबांडे, आता तुह्या नावानं तुही तपासणी कर." मी हो म्हटलं. मग महिनाभराने त्यांनी विचारलं, मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मग ते रोज विचारू लागले. निवृत्तीनंतर ते क्वार्टर सोडून शहरात दुसरीकडे राहायला गेले, तरी चिठ्ठी पाठवायचे, फोन करायचे, मंगलाला गाठायला बघायचे, तेव्हा मी त्यांना मधेच अडवायचो. मला त्यांचा भयंकर संताप यायचा. ऑफिसचं काम आहे, मार्च एंड आहे, तब्येत उत्तम आहे, अशी कारणं मी देत होतो. कारण एकच होतं. मला भीती वाटत होती. त्यांचं सगळं मी जवळून पाहिलं होतं, आणि त्या फोनची घंटा आमच्या घरात पुन्हा वाजावी असं मला वाटत नव्हतं. असं वर्ष गेलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पंडरीच्या कापड बाजारात. त्यानंतर महिन्याभरात ते गेले. आम्ही भाचीच्या लग्नाचं कापड घ्यायला गेलो होतो आणि दुकानाच्या पायरीवर उभे होतो. समोरच्या गर्दीत एक सायकल रिक्षा अडकली होती. तीत काकू, आणि पाठीशी उशी लावून बाबू. फार वाळले होते. केस रंगवणं कधीच सुटलं होतं, डोकं पांढरंशुभ्र. मी दुकानात शिरणार तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. रिक्षावाल्याच्या खांद्याला धरून ते अर्धवट उठले आणि हमाल, हातगाड्या, स्कूटर सगळ्यांच्या वरून ओरडले, "काळबांडे! रिपोर्ट आला का?"

सगळा रस्ता माझ्याकडे बघायला लागला. मी हात वर केला आणि तितक्याच जोरात ओरडलो, "आला काका! नॉर्मल आहे!"

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो अजून बघवत नाही. त्यांनी दोन्ही हात जोडून माझ्याकडे धरले, मग काकूंच्या खांद्यावर थोपटून त्यांना सांगितलं, आणि काकूंनी जवाच्या पाण्याबद्दल बोलल्या त्या संध्याकाळनंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली. रिक्षा सुटली. बाबू मागे वळून हसत होते.

"तुम्ही कधी केली तपासणी?" मंगलाने विचारलं.